विसरलेला ऑपेरा पुन्हा उभा करताना संचालक नेमके काय करतो?

प्रश्न असा आहे : ज्यां-बातिस्त ल्युली यांचा ‘आतीस’ हा १६७६ सालचा ऑपेरा संचालक विल्यम क्रिस्टी यांनी पुनरुज्जीवित केला, असे सगळीकडे लिहिलेले असते. पण संगीत ल्युलींचे, शब्द फिलिप किनो यांचे, रंगमंचावरची मांडणी दिग्दर्शकाची. शिवाय त्या काळात आजच्यासारखा छडी घेऊन वाद्यवृंदासमोर उभा राहणारा कंडक्टर ऑपेरागृहांत सर्वत्र नव्हताही. मग संचालकाने केले काय, आणि त्याचे नाव एवढे मोठे का?

मी गेली पंचवीस वर्षे युरोपात बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातल्या, ऑपेरांसाठी हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे, तारा छेडणारे पट्ट्यांचे वाद्य वाजवत आले आहे आणि त्यातली बरीच वर्षे संचालकाची साहाय्यक म्हणून तालमी घेतल्या आहेत. त्या अनुभवावरून उत्तर देते. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, ज्या परंपरेतली गुरुशिष्यांची साखळी मध्येच तुटली आहे, तिथे संचालक हा अनुपस्थित गुरूच्या जागी बसतो. ताल देणे हे त्याच्या कामातले सर्वांत लहान काम असते.

मराठी वाचकाला हे समजावणे एका अर्थी सोपे आहे. आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडून पाहा. पदाचे शब्द असतात, वर राग आणि ताल किंवा एखाद्या प्रसिद्ध पदाचे नाव देऊन ‘चाल’ सांगितलेली असते, आणि तेवढेच असते. गाणारा ते पद कुठे उचलतो, कोणत्या जागा घेतो, तान कुठे येते आणि शब्दाला धक्का न लावता समेवर कसे यायचे, यातले काहीही छापलेले नसते, कारण ते कोणीतरी कोणाला तरी समोर बसवून शिकवलेले असते. आता कल्पना करा की १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, त्यानंतर काही पिढ्यांनी ते गाणे थांबले, त्या पद्धतीने गाणारे सगळे गेले, पेटी आणि तबला यांची घडण बदलली, आणि दोनशे वर्षांनी कोणाच्या तरी हाती फक्त ते पुस्तक लागले. ‘आतीस’ची स्थिती जवळपास अशीच होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात हा ऑपेरा इतका आवडता होता की त्याला ‘राजाचा ऑपेरा’ म्हणत. अठराव्या शतकातही तो पुन्हापुन्हा रंगला, आणि नंतर दोनशेहून अधिक वर्षे संपूर्ण स्वरूपात रंगमंचावर आला नाही.

स्वरलिपी उपलब्ध होती. ‘आतीस’ची पूर्ण स्वरलिपी बालार यांच्या छापखान्याने १६८९ साली, म्हणजे ल्युलींच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी काढली. परंतु त्या कागदावर जे आहे त्यापेक्षा जे नाही ते अधिक आहे. गायकाची ओळ आणि खर्जाची ओळ असते, खर्जावर काही ठिकाणी आकडे असतात, समूहगीते आणि नृत्ये पाच भागांच्या तंतुवाद्यवृंदासाठी लिहिलेली असतात. खर्ज कोणत्या वाद्यांनी वाजवायचा, कोणत्या प्रवेशात किती वादक हवेत, लय किती, बासरी आणि ओबो (सनईच्या जातीचे वाद्य) कुठे मिळवायचे, शब्दाच्या शेवटी येणारा आंदोलित स्वर किती लांबवायचा, हे कागद सांगत नाही. त्यातच फ्रेंच पद्धतीत सारख्या मात्रेचे लिहिलेले लहान स्वर प्रत्यक्षात जोडीजोडीने लांब-आखूड वाजवायचे असतात. किती लांब आणि किती आखूड, हे नृत्यानुसार, शब्दानुसार बदलते. कागदावर लिहिले आहे तसेच वाजवले तर ते अचूक होईल, पण चुकीचेही होईल.

इथे संचालकाचा निर्णय सुरू होतो, आणि तो तालमीच्या कितीतरी महिने आधी सुरू होतो. क्रिस्टी मूळचे अमेरिकेतल्या बफलोचे, जन्म १९४४ चा, पेशाने हार्पसिकॉर्डवादक. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ते फ्रान्समध्ये स्थायिक झाले आणि १९७९ साली त्यांनी ‘ले झार फ्लोरिसाँ’ ही गायक-वादकांची संस्था काढली, जिचे नाव ल्युलींच्याच काळातले संगीतकार मार्क-आंत्वान शार्पांतिए यांच्या एका छोट्या ऑपेरावरून घेतले आहे. ल्युलींच्या मृत्यूला तीनशे वर्षे पूर्ण होत असताना ज्यां-मारी व्हिलेजिए यांच्या दिग्दर्शनात ‘आतीस’ १९८६ च्या अखेरीस इटलीतल्या प्रातो येथे आणि जानेवारी १९८७ मध्ये पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकमध्ये सादर झाला. म्हणजे संस्था काढल्यापासून ‘आतीस’पर्यंत सात वर्षे गेली. ही सात वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात, कारण त्या काळात गायकांना आणि वादकांना ती भाषा येऊ लागली होती.

‘भाषा’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. ल्युलींच्या ऑपेराचा प्राण संवादगायनात आहे. त्यात ताल सतत बदलतो, एका ओळीत चार मात्रांचा, पुढच्या ओळीत तीनचा, मग दोनचा. आणि तो बदलतो तो संगीताच्या सोयीसाठी नव्हे, तर फ्रेंच पद्याच्या यमकावर आणि आघातावर पाऊल नेमके पडावे म्हणून. आतीस नदीकन्या सांगारिदवर प्रेम करतो, तिचे लग्न राजा सेलेनशी ठरले आहे, आणि सिबेल देवी स्वतः आतीसवर अनुरक्त आहे. हा सगळा गुंता माणसे एकमेकांशी बोलून उलगडतात आणि बोलूनच अधिक गुंतवतात. शब्द ऐकू आला नाही तर नाटकच उरत नाही. म्हणून जाणता संचालक पहिल्या आठवड्यात गायकांना गाऊच देत नाही. संहिता मोठ्याने वाचायला लावतो, आधी अर्थासाठी, मग आघातांसाठी, मग श्वासासाठी. गायक वाचता वाचता जिथे आपोआप थांबतो तिथे ल्युलींनीही विराम ठेवलेला आहे, हे त्याला स्वतःला दिसले की पुढचे निम्मे काम झालेले असते. फ्रेंच ज्यांची मातृभाषा आहे असे गायकसुद्धा या टप्प्यावर अडखळतात, कारण रोजच्या बोलण्यातली भाषा वेगळी आणि सतराव्या शतकातल्या शोकांतिकेची वेगळी.

मी तरुण असताना एका निर्मितीत हीच गोष्ट मला उलट बाजूने शिकायला मिळाली. खर्जाच्या ओळीवरचे स्वरमेळ वादकांनी ऐन वेळी आपल्या मनाने भरायचे असतात; त्याला कंटिन्यूओ म्हणतात. सगळे सुरळीत व्हावे म्हणून मी तीन अंकांचे सगळे स्वरमेळ घरी बसून लिहून काढले आणि थिऑर्बो या लांब मानेच्या, छेडून वाजवायच्या तंतुवाद्याच्या वादकाला, दुसऱ्या हार्पसिकॉर्डवादिकेला हातात दिले. पहिल्या तालमीत एकही चूक झाली नाही, आणि संवादगायन पूर्णपणे मेले. गायिकेने रागाने एक शब्द लवकर टाकला तर आम्ही मागे राहत होतो, कारण आमचे डोळे कागदावर होते. संचालकांनी माझे कागद गोळा करून बाजूला ठेवले, सर्वांना गायिकेकडे तोंड करून बसवले आणि फक्त मूळ खर्ज समोर ठेवला. चार दिवस गोंधळ झाला. पाचव्या दिवशी आम्ही तिच्याबरोबर श्वास घेत होतो. तबलजी जसा गवयाच्या चेहऱ्यावरून जागा ओळखतो, तसेच ते आहे. माझ्या कागदांतून ते येणे शक्यच नव्हते.

पट्टीचा निर्णयही संचालकाचाच. आज वाद्यवृंद ज्या ‘ए’ स्वराला जुळवतात त्याची कंपनसंख्या सेकंदाला ४४० असते. पेटीच्या भाषेत ती पांढरी सहा. बरोक वाद्यवृंद बहुधा ४१५ ला जुळवतात, म्हणजे पांढरी सहा दाबल्यावर आजची काळी चार ऐकू येते. फ्रेंच ऑपेरासाठी अनेकजण ३९२ पर्यंत खाली येतात, म्हणजे थेट पांढरी पाच. ४१५ ही संख्या काही तेव्हाच्या सर्व शहरांची पट्टी नव्हती. ती आजच्या वादकांनी सोयीसाठी स्वीकारलेली तडजोड आहे, कारण ती नेमकी अर्धस्वराने खाली येते. परंतु ३९२ ला खरे कारण आहे. आतीसची भूमिका ‘ओत-कोंत्र’ नावाच्या उंच पुरुषी आवाजासाठी लिहिलेली आहे. आजच्या पट्टीत ती गायची तर टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या आजच्या गायकाला वरच्या सप्तकात सतत जोर लावावा लागतो आणि प्रेमात पडलेला, लपवणारा, कुजबुजणारा आतीस ओरडू लागतो. पट्टी खाली आणली की तोच गायक वरच्या स्वरांवरही बोलू शकतो. एका आकड्याने पात्राचा स्वभाव बदलतो, आणि हा आकडा पहिल्या पानावर कोणी लिहून ठेवलेला नाही.

आतड्याच्या तारा, बाहेरच्या बाजूला बाक असलेले गज, कळा जवळजवळ नसलेली लाकडी बासरी आणि ओबो यांच्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे, म्हणून मी एवढेच सांगते की ही वाद्ये रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेत सतत उतरतात. थिऑर्बोला साधारण चौदा तारा असतात. प्रयोगात त्या केव्हा जुळवायच्या याचा हिशेब संचालकाने दिग्दर्शकाशी बोलून आधी करावा लागतो, नाहीतर सर्वांत हळव्या प्रवेशाच्या तोंडावर रंगमंचापुढे वाद्यवृंद बसतो त्या खड्ड्यातून तारा पिळण्याचे आवाज येतात.

पुनरुज्जीवन म्हणजे काय, याबद्दल संचालकांचे मत एका शतकात किती बदलले ते पाहिले तर त्यांची जबाबदारी अधिक स्पष्ट होते. लंडनमध्ये काम करणारे जर्मन संगीतकार हेंडेल यांचा १७२५ सालचा ऑपेरा ‘रोडेलिंडा’ जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे जून १९२० मध्ये ओस्कार हागेन यांनी उभा केला. हागेन हे कला-इतिहासाचे अभ्यासक. हेंडेल यांचे ऑपेरा त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे रंगभूमीवरून जवळजवळ गेलेलेच होते, त्यामुळे हागेन यांचे ऋण मोठे आहे, आणि ते मी मनापासून मानते. पण त्यांनी स्वरलिपी कापली, तिची नवी मांडणी केली, आणि कास्त्रातो गायकांच्या, म्हणजे बालपणीच शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला जात नसे अशा पुरुषांच्या, भूमिका खालच्या सप्तकात उतरवून साध्या पुरुषी आवाजांना दिल्या. ही प्रथा फार काळ टिकली. १९६६ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेराने हेंडेल यांचा ‘जुलिओ चेझारे’ (ज्युलियस सीझर) केला तेव्हाही ज्युलियस रूडेल यांच्या संचालनात सीझरची भूमिका नॉर्मन ट्रेगल या खर्जातल्या आवाजाच्या गायकाने केली. ती निर्मिती गाजली आणि तिने बेव्हर्ली सिल्स यांना क्लिओपात्रा म्हणून प्रसिद्धी दिली. तरीही गायकाची ओळ सप्तकभर खाली आणली की वीणकामच उसवते. हेंडेल यांनी आवाज आणि व्हायोलिन एकाच उंचीवर ठेवून एकमेकांशी चढाओढ करायला लावलेली असते. आवाज खाली गेला की तो खर्जात बुडतो आणि वर व्हायोलिने एकटी उरतात.

आज त्या भूमिका काउंटरटेनर, म्हणजे स्त्रियांइतक्या उंच आवाजात गाणारे पुरुष, किंवा स्त्रिया गातात. माझा कल साधारणतः स्त्रियांकडे आहे, कारण हेंडेल यांनाही योग्य कास्त्रातो मिळाला नाही तर ते भूमिका खाली उतरवण्यापेक्षा बहुधा स्त्रीला देत. मात्र उलट उदाहरणही सांगायला हवे. संगीतकार लिओनार्दो विंची (चित्रकार दा विंची नव्हेत) यांचा ‘आर्तासेर्से’ १७३० साली रोममध्ये झाला, जिथे स्त्रियांना रंगमंचावर मनाई होती. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी येथे संचालक दिएगो फासोलिस यांनी तो पाच काउंटरटेनर घेऊन केला, आणि स्त्रीभूमिकाही पुरुषांनीच केल्या. आपल्या बालगंधर्वांची रंगभूमी ज्यांनी वाचून तरी जाणली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे तो निर्णय मला पटला, कारण त्या कृतीच्या जन्मस्थळाशी तो जुळत होता.

सर्वांत कठीण परीक्षा व्हेनिसच्या ऑपेरांत असते. इटालियन संगीतकार मोंतेवेर्दी यांच्या ‘पोपेआ’चा पहिला प्रयोग १६४३ सालचा. आपल्या हाती दोन हस्तलिखिते आहेत, एक व्हेनिसला, एक नेपल्सला. दोन्ही नंतरची आहेत आणि एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. बहुतेक भागात फक्त आवाज आणि खर्ज. कोणती वाद्ये, हे जवळजवळ कुठेच नाही. १९६२ साली इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न येथे संचालक रेमंड लेपर्ड यांनी या सांगाड्यावर आधुनिक तंतुवाद्यांचा भरघोस साज चढवला आणि बरेच प्रवेश कापले. १९७५ पासून झ्युरिकमध्ये निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी दिग्दर्शक ज्यां-पिएर पोनेल यांच्यासह मोंतेवेर्दी यांचे उपलब्ध तीनही ऑपेरा जुन्या वाद्यांवर केले, आणि वाद्यांच्या रंगांची रेलचेल ठेवली. त्यांच्यानंतरचे अनेक संचालक आणखी उणे करत गेले. व्हेनिसच्या नाट्यगृहांत तिकिटे विकून खेळ चालत, वादक मोजकेच असत, हे हिशेबाच्या कागदांवरून समजू लागले होते. लेपर्ड यांच्यावर नंतर पुष्कळ टीका झाली. मला ती अर्धीच न्याय्य वाटते. त्यांच्यामुळे लोक ‘पोपेआ’ पाहायला आले, आणि आल्यामुळेच पुढच्या पिढीला कमी वाद्यांचा धोका पत्करता आला. माझा आक्षेप त्यांच्या साजाला नाही, कापण्याला आहे. अंक लांबला तर एखादे गीत संपूर्ण काढावे. पण ‘दा कापो’ गीताचा मधला भाग आणि पुनरावृत्ती कापून फक्त पहिला भाग ठेवणे, ही हेंडेल यांच्या ऑपेरांत दीर्घ काळ चाललेली सवय मला अक्षम्य वाटते. पात्र एक भावना सांगते, मधल्या भागात तिला तडा जातो, आणि मग तीच भावना नव्या अलंकारांसह परतते, तेव्हा ती पहिल्यासारखी राहिलेली नसते. परतणेच काढून टाकल्यावर पात्राच्या मनात काही घडलेच नाही, असे होते.

आता ताल देणाऱ्या हाताबद्दल. त्या काळी संचालक नव्हता हे अर्धसत्य आहे. इटलीत आणि लंडनमध्ये संगीतकार हार्पसिकॉर्डवर बसत आणि पहिला व्हायोलिनवादक वाद्यवृंद सांभाळी. पॅरिसच्या ऑपेरात मात्र काठीने ताल देणारा माणूस होता, आणि त्या काठीचा खडखडाट इतका असे की विचारवंत रूसो यांनी आपल्या संगीतकोशात त्याबद्दल कडवट तक्रार केली आहे. स्वतः ल्युलींना जानेवारी १६८७ मध्ये एका धार्मिक रचनेच्या वेळी ताल देताना पायाला काठी लागली, जखम चिघळली आणि मार्चमध्ये त्यांचा मृत्यू झाला. म्हणून आजही दोन्ही पद्धती चालतात. बोस्टनच्या प्राचीन संगीत महोत्सवात पॉल ओडेट आणि स्टीफन स्टब्स थिऑर्बो आणि गिटार वाजवत संपूर्ण ऑपेरा चालवतात. जर्मनीतल्या बायरॉइट येथे २०२२ साली विंची यांचा ‘अलेसांद्रो नेल्ल’ईंदिए’, म्हणजे सिकंदर आणि आपल्या पोरस राजाची कथा, मार्तिना पास्तुश्का यांनी व्हायोलिन वाजवतच सांभाळला. मोठी समूहगीते आणि नृत्ये असलेल्या फ्रेंच ऑपेराला उभा संचालक लागतो असे माझे मत आहे, कारण खड्डा, रंगमंच आणि नर्तक या तिघांना एकत्र ठेवायचे असते. पण संवादगायनात त्याने हात खाली घेतला पाहिजे. प्रत्येक मात्रा दाखवणारा संचालक गायकाच्या तोंडातले वाक्य काढून घेतो.

‘आतीस’चे श्रेय एकट्या क्रिस्टींचे नाही, हेही नीट सांगितले पाहिजे. व्हिलेजिए यांनी कथा पुराणातल्या फ्रिजियात न ठेवता लुईच्या उतारवयातल्या दरबारात, काळ्या-करड्या वेशातल्या दरबाऱ्यांमध्ये आणली. नृत्यरचनाकार फ्रांसीन लांसलो यांनी जुन्या नृत्यलिपींचा अनेक वर्षे अभ्यास केला होता, आणि नृत्याच्या पावलांवरूनच पुष्कळदा लय ठरते : नर्तकाला उडी घेऊन खाली यायला जेवढा वेळ लागतो त्याहून जलद ताल चालतच नाही. हे ज्ञान एका जागी आणणे आणि परस्परविरोधी सल्ल्यांतून एक लय, एक पट्टी, एक उच्चार निवडून त्याची जबाबदारी घेणे, हे संचालकाचे काम. चूक झाली तर त्याचीच ठरते.

आणि शिकवण्याचे कामही त्याचेच. क्रिस्टींच्या वाद्यवृंदात हार्पसिकॉर्डवर बसलेल्यांपैकी क्रिस्तोफ रूसे यांनी १९९१ साली ‘ले तालां लिरिक’ हे स्वतःचे वाद्यवृंदपथक काढले आणि ल्युलींचे ऑपेरा एकामागून एक ध्वनिमुद्रित केले. एमान्युएल हायम यांनी २००० साली ‘ल काँसेर दास्त्रे’ काढले. २००२ पासून क्रिस्टी तरुण गायकांसाठी ‘ल झार्दँ दे व्हा’ ही शिक्षणयोजना चालवत आहेत. आज एखाद्या तरुण वादकाला लांब-आखूड स्वरांची पद्धत पुस्तकातून शोधावी लागत नाही. शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस वाजवून दाखवतो. तुटलेली साखळी पुन्हा जोडली गेली, ती इथे.

तुम्हाला हे कानांनी तपासायचे असेल तर ‘आतीस’च्या तिसऱ्या अंकातला निद्राप्रवेश घ्या. सिबेल देवी आतीसला झोपवते आणि स्वप्ने येऊन त्याच्याभोवती गातात. २०११ साली हीच निर्मिती एका अमेरिकन देणगीदाराच्या साहाय्याने पुन्हा उभी राहिली आणि तिचे चित्रमुद्रण झाले, ते पाहा. बासऱ्या सुरू होतात, दोन-दोन स्वर एकमेकांना टेकून हलकेच डोलतात. कागदावर ते स्वर सारखे लिहिलेले आहेत. पहिल्यांदा ऐकताना फक्त त्या डोलण्याकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा ऐकताना लगेच पुढे, आतीस जागा झाल्यावर सिबेलशी बोलू लागतो तिथे, खर्ज कोण वाजवत आहे आणि तो शब्दाच्या आधी येतो की नंतर, ते ऐका.